जीभ दाखवा

पॉलिनने केळ्यांची फणी पायानेच बाकाखाली सरकवली, तर सासूने वाकून ती परत बाहेर काढली आणि मांडीवर घेतली.

"डॉक्टरला द्यायची हाय. लपवते कशाला?"

"आई, हळू बोला. इथे लोक बसलेत."

लोक म्हणजे एकच बाई होती. पॉलिनच्या वरच्या मजल्यावरच्या सुरुची वहिनी. गोखिवऱ्याच्या या दवाखान्याचा पत्ता त्यांनीच दिला होता. इमारतीच्या तळमजल्यावरची एक खोली, मधे पडदा, भिंतीवर अंगभर ठिपके काढलेल्या माणसाचं चित्र आणि बाजूला चिनी अक्षरं. डॉक्टर देवधर चिनी पद्धतीने सुया टोचून गुडघे बरे करतात, अशी सोसायटीत हवा होती.

सासूचे, म्हणजे थेरेसाचे गुडघे होळी गावातल्या वाडीत उकिडवं बसून मुळा-माठ खुरपण्यात गेले होते. ईस्टरपासून तिला चर्चची पायरी चढता आली नव्हती. फादर म्हणाले, कम्युनियन, प्रभूचा प्रसाद, घरी आणून देतो. तर म्हातारी म्हणे, "देवाने घरी यायला मी काय मरायला टेकले? येईन माझ्या पायांनी." झालं! तेव्हापासून कम्युनियन नाही की काही नाही, आणि सगळा जीव मात्र त्यातच अडकलेला. थेरेसाच्या मुलाने, आग्नेलने, कुवेतहून फोनवर बायकोला, पॉलिनला, एवढंच सांगितलं होतं, "माझ्या आयला तिच्या पायांनी चर्चमध्ये ने. बाकी मला काही नको."

पॉलिन वाईट नव्हती हो. सासूला तिने आपल्या फ्लॅटवर आणलं, रोज पाय तेलाने चोळून दिले. पण लोक काय म्हणतील, हा किडा तिच्या डोक्यात कायम वळवळत असायचा. सासूची बागायत आहे, असं तिने सुरुची वहिनींना सांगितलं होतं. डोक्यावर पाटी घेऊन ती बाजारात भाजी विकायला बसायची, हे सांगायचं राहून गेलं होतं. आजही निघताना तिने सासूपुढे फुलाफुलांची साडी ठेवली होती. थेरेसाने ती बाजूला सारली आणि आपलं लाल लुगडं चोपून नेसली.

"हसतील त्याचे दात दिसतील," ती म्हणाली होती.

"चर्चला जायचंय म्हणून एवढी धडपड?" सुरुची वहिनींनी कौतुकाने विचारलं.

"मग! फादर जिभेवर प्रभू ठेवतो," थेरेसा रंगात आली. "पन मनात पाप असलं तर नाय घ्यायचं हां. आधी कुमसार करायचं, फादरला सगळं सांगून टाकायचं, मग घ्यायचं. एकदा मी जावेशी कोंबडीवरनं भांडले. रांगेत उभी राहिले नि आठवलं. तशीच मागे फिरले. अख्खा गाव बघत होता!"

वहिनी हसल्या. पॉलिनने घड्याळात पाहिलं.

तेवढ्यात पडदा सरला आणि डॉक्टरांनी आत बोलावलं. पॉलिनने सासूला खुर्चीत बसवलं. पडदा अर्धा उघडाच राहिला. टेबलावर कसल्याशा झाडपाल्याची जाड कांडी धुमसत होती. सुयांच्या जागी तिचा शेक देतात म्हणे. खोलीभर निळसर धूर होता आणि त्याला धुपासारखा वास होता. पांढरा कोट घातलेले डॉक्टर थेरेसासमोर येऊन उभे राहिले. आधी त्यांनी नाडी पाहिली. मग म्हणाले, "आता जीभ दाखवा."

थेरेसाने वर पाहिलं. हात जोडले. डोळे मिटले, हनुवटी किंचित उचलली आणि जीभ पुढे काढून ती थांबली. चेहरा असा शांत, की गुडघे दुखतात हेही ती विसरली असावी.

डॉक्टर बॅटरी घेऊन वाकले. नीट पाहून म्हणाले, "हं. छान."

"आमेन," थेरेसा म्हणाली आणि तिने कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली.

सुरुची वहिनींनी पडद्याआडून पॉलिनकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर अजून काहीच नव्हतं, हसू नव्हतं की काही नाही. पण आता हसतील, या धास्तीने पॉलिनच आधी हसली, आणि हसली ती चांगली खो-खो.

"अगंबाई, यांना वाटलं चर्चच आहे!"

मग वहिनीही हसल्या. डॉक्टरांनी ओठ दाबले. थेरेसाने डोळे उघडले. कोण हसतंय ते तिने पाहिलं आणि जीभ हळूच आत घेतली.

"चुकलं माझं," ती डॉक्टरांना म्हणाली. "धूप होता, म्हनून."

सुया टोचताना तिने हूं की चूं केलं नाही. केळी द्यायचीही राहिली. परतताना रिक्षात ती फणी पॉलिनच्याच मांडीवर होती.

पुढच्या खेपेला थेरेसा आपणहून फुलाफुलांची साडी नेसली. डॉक्टरांनी जीभ दाखवायला सांगितल्यावर तिने तोंडापुढे पदर धरला, डोळे सताड उघडे ठेवले आणि जिभेचं टोक तेवढं बाहेर काढलं.

"एवढी पुरे ना?"

पॉलिनने मान दुसरीकडे वळवली. माझं चुकलं, तुमचं नाही, असं म्हणायला ती रोज संध्याकाळी सासूजवळ जाऊन बसायची. तोंडून मात्र, "आई, चहा टाकू का?" एवढंच निघायचं. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

गुडघे सुयांनी सुटले, शेकाने की तेलाने, देव जाणे. पण सुटले खरे. पावसाळा सरल्यावर एका रविवारी थेरेसा होळीच्या बायकांसोबत आपल्या पायांनी चर्चची पायरी चढली. त्या सगळ्या लाल लुगड्यांत होत्या. तिच्या अंगावर साडी होती.

कम्युनियनची रांग लागली. थेरेसा पुढे, पॉलिन तिच्या मागे. पॉलिनला वाटलं, आता म्हातारी डोळे मिटेल, हनुवटी उचलेल, आणि माझ्या जिवाला थोडं बरं वाटेल.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले.

थेरेसाने ओठ घट्ट मिटून घेतले होते. तिने दोन्ही हात पुढे केले, तरुण पोरी करतात तसे एकावर एक ठेवून. जन्मात कधी हातावर घेतलं नव्हतं, त्यामुळे कुठला हात वर ते तिला ठाऊक नव्हतं. तिने मागे वळून पॉलिनकडे पाहिलं.

"असंच ना, बाय?" ती हळूच म्हणाली. "कोन हसनार नाय ना?"

पॉलिनने मान हलवली. फादरांनी त्या मातीने चिरलेल्या तळव्यावर प्रभू ठेवला. थेरेसा बाजूला झाली.

फादरांनी पॉलिनकडे पाहिलं. "ख्रिस्ताचं शरीर."

ती जागेवरच थिजली. मग तिने हात मागे घेतले, मान खाली घातली आणि ती रांगेतून बाहेर पडली. सगळ्या बाकांवरून लोक बघत होते. चर्च केवढं लांब आहे, ते तिला त्या दिवशी कळलं.

थेरेसा बाकाशी गुडघे टेकून बसली होती. पॉलिनला रिकामी परत आलेली पाहून तिचा चेहरा उतरला. तिने सरकून जागा केली आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

"कोनाशी भांडलीस गो, बाय?" तिने काळजीने विचारलं.