दोष कुणाबरोबर जातो

“दोष कुठंय म्हणून डोकं खाजवत बसू नकोस. डावीकडचं उजवीकडे घाल, आणि दोष कुणाबरोबर जातो ते बघ.”

मामंजींचं हे सांगणं मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते. ते ह्यांना सांगायचे, गिऱ्हाइकांना सांगायचे, एकदा माझं शिलाई मशीन अडलं तर त्यालाही सांगून झालं. आता ते नाहीत, पण दुकानामागच्या खोलीत काम करताना हे अजून तेच पुटपुटतात.

गाणी ऐकायचे जुन्या पद्धतीचे ॲम्प्लिफायर, दिव्यासारख्या तापणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे, हा आमचा धंदा. त्यात दुरुस्तीपेक्षा निवड मोठी. दोन व्हॉल्व्ह दिसायला सारखे, मीटरचा काटाही सारखाच हलतो, पण एकात गाणारा जवळ येऊन बसतो आणि दुसऱ्यात खिडकीबाहेरच उभा राहतो. हा फरक ह्यांचा कान सांगतो. लोक येतात ते त्या कानासाठी.

अंघोळीपासून जप पुरा होईपर्यंत बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. घर तेवढा वेळ शांत असतं म्हणून हेही तेव्हाच ऐकायला बसतात. त्या सकाळी दातांच्या डॉक्टरांचा ॲम्प्लिफायर टेबलावर होता. त्यांनी व्हॉल्व्हच्या दोन जोड्या आणून दिल्या होत्या, एक जुनी, काच वरून काळवंडलेली, आणि एक कोरी. कुठली ठेवायची ते ह्यांनी ठरवायचं होतं.

आधी जुनी जोडी लावली. एक व्हॉल्व्ह डाव्या स्पीकरचा, एक उजव्याचा. तारा तापून नारिंगी झाल्या, गाणं सुरू झालं, आणि ह्यांच्या कपाळावर आठी पडली. “डावा म्हातारा झालाय,” म्हणाले. बटण बंद केलं, काच निवेपर्यंत थांबले, मग फडक्यात धरून दोन्ही व्हॉल्व्हची अदलाबदल केली. दोष आता उजवीकडे जायला हवा होता.

तो डावीकडेच राहिला.

मी कोपऱ्यात माळ घेऊन बसले होते. मला दोन्हीकडून सारखंच ऐकू येत होतं.

मग कोरी जोडी. तरीही डावीकडे कमी. मीटर लावला, तर चारही व्हॉल्व्ह ठणठणीत. “मीटरचं काही खरं नाही,” म्हणाले. वायरी बदलल्या. शेवटी स्पीकरची अवजड खोकी हलवायला घेतली, तेव्हा मी उठून न बोलता एका बाजूने हात लावला. डावा उजवीकडे गेला, उजवा डावीकडे. गाणं लागलं. ह्यांनी पुन्हा डावीकडेच बोट दाखवलं.

माझ्या बोटांत मणी अडकला. परवापासून हे फोन उजव्या कानाला लावत होते. काल जिन्यात मी डावीकडून हाक मारली तर वळूनही पाहिलं नाही. मला वाटलं रुसलेत, म्हणून मीही रुसून घेतलं होतं.

आणि मामंजी आठवले. शेवटी शेवटी ते, हे ऐकायला बसतात त्याच खुर्चीत बसून ताल धरायचे, तबकडी केव्हाच संपलेली असायची आणि सुई नुसती खरखरत असायची. कुणी त्यांना सांगितलं नाही. गिऱ्हाइकांचे व्हॉल्व्ह हळूहळू त्यांच्यापुढे ठेवणं बंद झालं. “हल्ली कुणी फिरकत नाही का रे?” असं ते विचारायचे आणि हे मान खाली घालायचे.

“अगं, तुलाही डावीकडून कमीच येतंय ना?” ह्यांनी विचारलं. “बोलू नकोस, नुसती मान हलव.”

नेम बोलण्याचा होता, मान हलवायला मोकळीक होती. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात दातांचे डॉक्टर आले. खोलीची दशा बघून त्यांनी विचारलं, व्हॉल्व्ह तपासताय की बिऱ्हाड हलवताय? मग तेही ऐकायला उभे राहिले आणि म्हणाले की त्यांना तर दोन्हीकडे सारखंच येतंय. ड्रिल चालवून चालवून तुमचेच कान गेलेत डॉक्टर, असं ह्यांनी ऐकवलं. डॉक्टर हसले. हे बटण बंद करून प्लग काढायला वाकले, आणि सगळी हललेली खोली पुन्हा बघून डॉक्टरांचं हसू तिथेच थांबलं. कानात काही वाजतंय का, असं त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“वाजतंय की. ही काय, व्हॉल्व्हची गुणगुण.”

प्लग ह्यांच्या हातात होता. व्हॉल्व्ह विझलेले होते.

दारापर्यंत गेल्यावर डॉक्टर मला हळूच म्हणाले, “वहिनी, दातांपलीकडचं मला फारसं कळत नाही. पण कान असा एकाएकी बसला तर दिवस घालवू नयेत, एवढं शिकलोय. लगेच औषध मिळालं तर पुष्कळदा परत येतो. थांबलात तर सांगता येत नाही.”

मी परत आले तर ह्यांनी व्हॉल्व्ह काढून ॲम्प्लिफायर उलटा केला होता आणि बुडाच्या स्क्रूला पेचकस लावला होता. बंद केल्यावरही त्याच्या पोटात करंट दबा धरून बसतो. म्हणून आत जाताना डावा हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही, ही मामंजींची दुसरी सक्त ताकीद. ह्यांनी ती कधी मोडली नव्हती. आज दोन्ही हात पुढे होते. जिथे दोष नव्हता तिथे तो शोधायला हे निघाले होते.

मी खोलीत नजर फिरवली. व्हॉल्व्ह, वायरी, स्पीकर, सगळं जागचं हललेलं. फक्त ऐकायची खुर्ची तेवढी जागेवर. मामंजींनी तिच्या चार पायांभोवती जमिनीवर रंगाने खुणा केल्यात. झाडतानासुद्धा मी ती हलवत नाही.

माळ अर्धीच झाली होती.

“अहो,” मी म्हणाले, “खुर्ची राहिली.”

ह्यांनी दचकून वर पाहिलं. माझा आवाज जपाच्या वेळी ह्यांनी कधी ऐकला नव्हता. “खुर्ची कशाला? ती जागेवरच आहे.”

“म्हणूनच. तेवढीच फिरवायची राहिलीये.”

पेचकस हातात तसाच राहिला. मला काय म्हणायचंय ते ह्यांना कळलं. किंवा सकाळपासूनच कळलं असावं.

“आणि दोष माझ्याबरोबर आला तर?”

“तर लगेच कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. ह्याला हात लावायचा नाही.”

“बरं,” पेचकस खाली ठेवत म्हणाले. “शब्द दिला.”

ॲम्प्लिफायर सरळ केला, जुनी जोडी लावली. खुर्ची आम्ही दोघांनी उचलली. खाली न झिजलेल्या फरशीचे चार ठिपके दिसले. हे भिंतीकडे तोंड करून बसले, स्पीकर पाठीमागे. आतापर्यंत उजवीकडचा स्पीकर ठणठणीत वाटत होता, तो आता ह्यांच्या डाव्या कानाच्या बाजूला आला. मी देवाला एवढंच म्हणत होते की बोट आधीच्याच स्पीकरकडे जाऊ दे, यंत्र मोडू दे, दुकान बुडू दे.

गाणं लागलं. ह्यांचा हात हळूहळू वर आला आणि त्या ठणठणीत स्पीकरकडे वळला. तिथून तो खालीच येईना.

मी जाऊन बटण बंद केलं.

काच निवल्यावर ह्यांनी चारही व्हॉल्व्ह एकेक करून फडक्याने पुसले आणि आपापल्या खोक्यात घातले. “जुनी जोडीच ठेवा म्हणावं त्यांना,” म्हणाले. मग थांबून, “बहुतेक.” हा शब्द ह्या खोलीत मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

ह्यांनी पायात बूट चढवले. किल्ली घेतलीत का, असं मी मागून विचारलं. उत्तर आलं नाही. तोवर ह्यांनी कडी काढली होती आणि एक पाय पायरीवर ठेवला होता. मी डावीकडून वळसा घालून उजव्या बाजूला आले, आणि पुन्हा विचारलं.