प्रसादाचा पेला

अनंतरावांच्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. रेल्वेच्या मालधक्क्यावर तीस वर्षं काढली, पण सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. महाशिवरात्रीची भांग तेवढी वेगळी. ती ते स्वतः पाट्यावर वाटायचे, बदाम-मिऱ्यांसोबत दुधात घोटायचे, पिंडीला दाखवायचे आणि पेलाभर प्यायचे. ती काय नशा झाली? तो तर महादेवाचा प्रसाद! गुढियारी मोहल्ल्यातल्या त्या घरात हे कधी कोणाला खटकलं नाही, सुनेलाही नाही.

मुलगा विशाल उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला. तो मात्र प्यायचा, आणि भरपूर. दोन वर्षांपूर्वी बायकोनं, क्षमानं, माहेरी जायला बॅग भरली, तेव्हा त्यानं लेकीच्या, श्रावणीच्या, डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की यापुढे कुठलीच नशा करणार नाही. आणि पठ्ठ्यानं ती पाळलीही.

यंदाच्या शिवरात्रीला क्षमा लेकीला घेऊन महादेवघाटाच्या मेळ्याला गेली होती. दुपारी दीडला विशाल मोटारसायकलवर ड्युटीला निघाला आणि उरल्याच्या रस्त्यावर कडेला उभ्या ट्रकवर मागून आदळला. भर उन्हात, समोरचं सगळं लख्ख दिसत असताना. जागीच गेला.

पाच महिन्यांनी रक्ताच्या तपासणीचा अहवाल आला. सासरे-सून दोघं ठाण्यात गेले. हवालदारानं वाचून दाखवलं, "शराब नहीं मिली. गांजे का अंश मिला है."

क्षमा उठून बाहेर गेली. अनंतराव बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "भैया, भांग पी हो तो?"

"पौधा तो एक ही है, बाबूजी. वही लिखा आएगा."

घरी आल्या आल्या क्षमानं विशालचा फोटो भिंतीवरून उतरवला, हार काढला आणि फोटो कपाटावर पालथा टाकला.

"पोट्टीच्या डोक्यावर हात ठेवला होता त्यायनं," ती म्हणाली. "तिकडे मिलच्या लोकायसोबत गांजा ओढून राहिले होते, अन् मी इकडे रोज दिवा लावून राहिली."

श्रावणी दारात उभी होती. "पापा ने झूठ बोला था?"

"हव," क्षमा मान हलवून म्हणाली.

अनंतराव मूग गिळून बसले. एक दिवस नाही, चांगले चार दिवस. म्हातारा भ्याला होता, दुसरं काय! सून आणि नात सोडून त्याला होतं कोण? मेलेल्याला काय फरक पडतो, अशी स्वतःची समजूतही घालून पाहिली. ती काही पटली नाही.

पाचव्या दिवशी शाळेला निघालेल्या श्रावणीच्या डोक्यावर त्यांनी नेहमीसारखा हात ठेवला. पोरीनं अंग चोरलं. "सिर पे हाथ मत रखो, आजोबा."

ते तसेच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले. क्षमा कणीक मळत होती.

"सूनबाई, गांजा नव्हता तो. भांग होती. मीच देली होती."

तिचे हात थांबले.

"तू मेळ्याले गेली होती. मी पेला भरून त्याच्यासमोर धरला."

"मग ते काहीच नाही म्हणले?"

"म्हणला न. दोनदा नाही म्हणला. बाबा, शपथ हाय, ड्युटी हाय. मीच म्हटलं, प्रसादाले नाही म्हणतेत काय रे? अन् पेला त्याच्या ओठाले लावला."

"दोनदा नाही म्हणले?"

"दोनदा."

क्षमा कणकेच्या हातांनीच तोंड झाकून रडली. विशाल गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. मग तिनं हात धुतले, फोटो पदरानं पुसला, भिंतीवर लावला आणि दारातच थबकलेल्या श्रावणीला जवळ ओढलं. "तुह्या पापानं खोटं नव्हतं बोललं, बेटा."

उंबऱ्याशी अनंतराव रडत होते. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

संध्याकाळी त्यांचं ताट नेहमीच्या वेळेला आलं. पोळ्या गरम होत्या, भाजीही त्यांच्या आवडीची होती. पण रोज क्षमा आणायची ते ताट श्रावणीनं आणून ठेवलं. तेव्हापासून तीच आणते.