हौदावरचा मांडव

मी चिमूटभर पांढरी भुकटी बोलतेय. पिठासारखी दिसते म्हणून चाखायला जाऊ नका.

बाप माझा जस्त, आई बांधावरचा तरवड. बेंबळीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या दगडाबाईनं तरवडाचा पाला ओरबाडून आणला. धाराशिवच्या कॉलेजात शिकवणाऱ्या समृद्धीनं तो उकळला, गाळला, त्यात जस्ताचं मीठ घालून आटवलं आणि भट्टीत भाजलं. आई जळाली, मी उरले. डबीवर नाव लागलं ते बापाचंच!

दगडाबाईच्या शेताशेजारच्या ओढ्यात वरच्या अंगाला कापड रंगवणारे लोक रंगाचं पाणी सोडतात. त्या पाण्यावर आलेल्या मेथीची मुळं लालेलाल. गिऱ्हाईक जुडी उचलायचं, मुळं बघून परत टाकायचं.

"म्या काय कुंकवात पिकवते व्हय?" दगडाबाई कडाडायची.

माझं काम एकच. रंगाच्या पाण्यात टाका, उन्हात ठेवा, मी रंग फोडते. ऊन नसलं तर मी नुसती माती. समृद्धीनं हे सरपंच भागवतरावांना तीनदा समजावलं. ते म्हणाले, "ओढ्याच्या पाण्याचा एक हौद नितळून दाखवा. मग पंचायत ओढ्याकाठी मोठा बांधंल."

ठरल्या दिवशी पाहुणे येणार, त्यांना ऊन लागायला नको, म्हणून भागवतरावांनी मांडव घातला. नेमका हौदावर!

"सरपंचसाहेब, हे कापड काढावं लागेल," समृद्धी म्हणाली.

"आधी सत्कार हुंद्या की म्याडम."

मला हौदात ओतलं. मग फेटे, शाली, नारळ, भाषणं. दोन तास गेले. पाणी लाल ते लालच.

दगडाबाई उठली. "आरं, त्या कापडाला आग लावा! उन्हाबिगर ती काय करंल?"

"मावशी, खाली बसा. पाहुण्यांपुढं तमाशा नको," भागवतरावांनी दटावलं.

पाहुणे हसले. "पाल्यापाचोळ्यानं कुठं रंग जातो?" म्हणाले आणि चहा पिऊन गेले. मांडववाल्याला घाई होती. हौदातले बांबू काढायच्या आधीच त्यानं हौद ओढ्यात रिकामा केला.

पण त्याआधी दगडाबाईनं माझ्यासकट एक परात भरून घेतली होती. दुसऱ्या दिवशी तिनं ती रानात, भर उन्हात ठेवली. भाकरीसुद्धा परातीजवळ बसून खाल्ली. काटकीनं मला ढवळत राहिली. चारच्या सुमाराला परातीचा तळ दिसला. तिनं ते पाणी काचेच्या बाटलीत भरलं आणि तडक पंचायतीत गेली.

भागवतरावांनी बाटली उजेडात धरली. "दगडाबाई, हे तर नळाचं पाणी हाय."

"आन् लाल आणलं असतं तर?"

"तर म्हणलो असतो, भुकटी कामाची न्हाय."

दगडाबाईनं बाटली त्यांच्या हातातनं ओढून घेतली आणि घरची वाट धरली. 

आता मी तिच्या कोनाड्यात, त्याच बाटलीच्या तळाला बसलेय. वर नितळ पाणी. दगडाबाई आता मुळं छाटूनच जुड्या बांधते. गिऱ्हाईक म्हणतं, मुळं न्हाईत, म्हणजे भाजी शिळी.

मला शाल नको, नारळ नको. माझ्या डोक्यावरचा मांडव तेवढा काढा.