अडीचचे पंचवीस

टेबल कापलं! ज्या टेबलावर मी एकोणीस वर्षं हॉस्पिटलच्या डॉक्टरांची पत्रं टाइप केली, ते सुट्टीच्या दिवशी सुतार बोलावून अर्धं करून टाकलं. वर भिंतीला सूचना चिकटवली, 'जागेअभावी सर्वांनी लहान कीबोर्ड वापरावेत.' वापरावेत म्हणे! उद्या बूट घट्ट झाले तर पाय कापायला सांगतील.

माझा कीबोर्ड ऑफिसचा नाही, स्वतःच्या पैशांचा आहे. दोन किलो वजन, दणकट बटणं, प्रत्येक बटणाला खट् असा खणखणीत आवाज, उजवीकडे आकड्यांचा वेगळा चौकोन. माझी लेक त्याला रणगाडा म्हणते. कानात डॉक्टरांचं बोलणं चालू असतं, बोटं धावत असतात आणि मी डोळे मिटून घेते. पडद्याकडे बघत बसणाऱ्याला मी टायपिस्ट म्हणतच नाही. खट् वाजलं की अक्षर उमटलं, विषय संपला.

आणि अशा माझ्या कामात चुका निघाल्या! कोणी काढल्या? शेजारच्या खोलीतल्या तपासनीस बाईने. कायम कानावर लाल पेन्सिल, म्हणून तिला सगळे पेन्सिलच म्हणतात. येऊन दोन वर्षं झाली नाहीत. कानामागून आली आणि तिखट झाली. आमच्याकडे प्रत्येक पत्राखाली दोन सह्या लागतात, एक टाइप करणारीची, एक तपासणारीची. दोन महिन्यांपासून ही सही न करता माझी पत्रं परत पाठवायला लागली. औषधाच्या आकड्याभोवती लाल गोल. "पॉइंट राहिलाय. अडीचचे पंचवीस झालेत."

एकदा मी ऐकून घेतलं. पाचव्यांदा माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"पॉइंट मी दाबलाय. या कानांनी ऐकलाय," मी म्हणाले.

"पण ताई, पत्रात नाहीये ना."

"मग तूच काढला असशील!"

ती लालबुंद झाली, पण बोलली काहीच नाही. हे गप्प राहणं मला कबुलीच वाटलं. सीनियरची जागा तिला हवी होती आणि मला मिळाली, त्याचा राग असणार. मी सरळ मॅनेजरबाईंना लेखी तक्रार दिली, ही माझ्या फाइली उघडून पॉइंट काढते म्हणून. एकोणीस वर्षांत माझ्या नावावर एक चूक नाही, त्यामुळे बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. सोमवारपासून पेन्सिलची बदली तळघरात, जुन्या फायलींवर नंबर घालायला. बरी जिरली, असं मी घरी येऊन म्हटलंही.

शनिवारी लेकीला घेऊन कीबोर्डच्या दुकानात गेले. रणगाडा पिशवीत घालून नेला, कारण तुलना करून घेतल्याशिवाय मी चपलासुद्धा घेत नाही.

दुकानदार चांगला पोक्त माणूस होता, पण त्याने पहिलाच कीबोर्ड काढला तो आकड्यांच्या चौकोनाशिवाय.

"आकडे कुठे गेले?"

"वरच्या ओळीत आहेत ना."

"वरच्या ओळीत बोट ताणून औषधाचे आकडे मारू? अहो, हॉस्पिटल आहे ते, लॉटरीचं दुकान नाही."

दुसऱ्याला तर बाणांची बटणंही नव्हती, शिवाय खालून लाल-निळे दिवे लुकलुकत होते. "हे कशाला?" विचारलं तर म्हणे, शोभेला. लेक तोंडावर हात ठेवून हसत होती. "आई, जरा हळू. लोक बघतायत."

"बघू देत. अर्ध्या वस्तूचे दुप्पट पैसे सांगतात, ते नाही का कोणी बघत?"

मग त्याने तिसरा काढला. लहानच होता, पण आकड्यांसकट सगळं दाटीवाटीने बसवलेलं होतं. खट् असा आवाजही होता. मी कुरकुरत खुर्चीवर बसले, डोळे मिटले आणि रोजच्या सवयीने औषधांचे दहा आकडे मारले. अडीच, साडेसात, सव्वा. लेकीने वाचून सांगितलं, सगळे बरोबर.

"आता माझा जोडा," मी म्हणाले. "फरक कळू दे यांना."

रणगाडा जोडला. तेच दहा आकडे, तसेच डोळे मिटून. खट्, खट्, खट्. काय गोड आवाज! डोळे उघडले तर लेक हसत नव्हती.

"आई, तीन ठिकाणी पॉइंट नाहीये."

"तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय," मी दुकानदाराला म्हणाले.

त्याने निमूटपणे दुसरा कॉम्प्युटर लावून दिला. दहा आकडे पुन्हा. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. पॉइंटचं बटण दाबलं, खट् वाजलं आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही. अडीचचे पंचवीस माझ्या डोळ्यांदेखत झाले.

"आतला पत्रा झिजलाय, बाई," दुकानदार म्हणाला. "वाजतं बरोबर. पण वाजलं म्हणजे उमटलं असं नसतं."

मला इतका राग आला की कानशिलं तापली. दुकानदारावर येईना, लेकीवर येईना, त्या मुक्या रणगाड्यावर तरी किती येणार? दोन महिने मी डोळे मिटून खट् खट् वाजवत होते आणि ती बाई एकेक पॉइंट पकडत होती. तिने अडवलं नसतं तर ते पंचवीस कोणाच्या तरी पोटात गेले असते. आणि मी तिलाच चोर ठरवलं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. लाज वाटली मला, भर दुकानात.

"हा तिसरा बांधून द्या," मी म्हणाले. लेकीने पिशवी माझ्या हातून घेतली. एरवी टोमणे मारल्याशिवाय तिला घास उतरत नाही, पण दोन किलोचा रणगाडा तिनेच घरापर्यंत उचलला.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले. कापलेल्या टेबलावर नवा कीबोर्ड बरोबर बसला, याचाही मला रागच आला. पत्र लिहायला घेतलं. 'तक्रार खोटी होती. दोष माझ्या कीबोर्डचा आणि न बघण्याचा दोष माझा. बदली रद्द करावी. तळघरात कोणाला पाठवायचंच असेल तर मला पाठवावं.' डोळे उघडे ठेवून, एकेक अक्षर बघत टाइप केलं. सहा ओळींना अर्धा तास लागला.

पेन्सिल तिच्या खोलीत सामान खोक्यात भरत होती. मी खाली माझी सही केलेलं पत्र तिच्यापुढे ठेवलं. सहीशेजारची, तपासणारीच्या सहीची जागा रिकामी होती.

"वर द्यायचंय. तपासून दे."

तिने वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. डोळे भरून आले होते, पण माझ्याकडे तिने बघितलं नाही. कानावरची पेन्सिल काढली आणि वर कोपऱ्यात एक गोल केला.

"तारीख चुकलीये. आज तेरा आहे, चौदा नाही."

एरवी मी कॅलेंडर आणून तिच्या तोंडावर धरलं असतं. मी पत्र उचललं, माझ्या टेबलावर गेले, तेरा केलं, पडद्यावर बघितलं, पुन्हा बघितलं, नवा कागद काढून सही केली आणि परत तिच्याकडे नेला. तिने तारखेवर बोट ठेवून ती वाचली, मग माझ्या सहीशेजारी स्वतःची सही केली.