एकदाच वाचायचं

सुनेने पुन्हा बटण दाबलं. जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवलेल्या यंत्राचा हिरवा दिवा लागला, पंप हलकेच चालू झाला. सासऱ्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सत्ताविसावी रेघ ओढली. अठ्ठाविसाव्या वेळी दिवा लागलाच नाही.

“अडकलं,” ती म्हणाली, हवं तेच मिळाल्यासारखी.

नवजात बाळांना श्वास देणारं ते यंत्र. चालू होताच त्याला जागं करणारा छोटा प्रोग्राम तिने लिहिला होता आणि तीस-चाळीस वेळांतून एकदा तो मुका बसत होता. बंद करून पुन्हा चालू केलं की सुतासारखा सरळ. तसंच माहितीपुस्तकात छापून टाकू, असं साहेबांनी सकाळी फोनवर सुचवलं होतं. ते पान सापडेपर्यंत बाळाने काय करायचं, एवढंच तिने विचारलं होतं.

सासऱ्यांची एकतीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेली होती. पण न दिसणाऱ्या बिघाडामागे चार दिवस, आवाजही न चढवता, असं हात धुऊन लागलेलं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. चिपच्या जाडजूड पुस्तकातल्या ओळींवरून तिचं बोट सरकत होतं. एका तळटीपेपाशी ते थांबलं.

“बाबा, आतलं घड्याळ स्थिर झालं की चिपमधल्या एका कप्प्यात खूण उमटते. माझा प्रोग्राम तो कप्पा दोनदा वाचतो. आधी काही चुकलंय का ते बघायला, मग खूण आलीय का ते बघायला. पण एकदा वाचली की ती पुसली जाते.”

“म्हणजे पहिल्या वाचनातच खूण आलेली असली, तर दुसऱ्यांदा नुसती वाट बघायची.”

“जन्मभर.”

तिने तीन ओळी बदलल्या. कप्पा एकदाच वाचायचा, वाचलेलं जपून ठेवायचं, दोन्ही प्रश्न त्यालाच विचारायचे. संध्याकाळपर्यंत पाचशे रेघा झाल्या. यंत्र एकदाही अडकलं नाही.

साहेब फोनवर खूश झाले. तिने त्यांना पुरतं खूश होऊ दिलं नाही.

“गेल्या महिन्यात हॉस्पिटलांत गेलेल्या अकरा यंत्रांतही हेच आहे. चूक माझी आहे, सर. मी स्वतः जाऊन बदलून येते.”

कुणाची तक्रार आलेली नाही ना, असं पलीकडून आलं असावं.

“यायच्या आत जायला हवं,” ती म्हणाली.

सासरे पेन्सिल हातात फिरवत राहिले. बिघाड सापडला नाही की तक्रारवहीत ‘लाइन तपासली, ठीक’ असं लिहून मोकळं व्हायची त्यांच्या खात्यात रीत होती. त्यांनीही लिहिलं होतं, आणि एकदाच नव्हे.

“किती दिवस लागतील?”

“आठ तरी. पण चिमीची शाळा...”

“नातीचं मी बघतो.” ते जरा घुटमळले. “वेणी कशी घालायची, तेवढं आज दाखवून ठेव.”