अर्धी कापलेली घडी

राणोजी जाधवराव तिरुवल्लिकेणीतल्या एका कारखान्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांचे साचे करायचे. घराणं तंजावरचं, घरात मराठी, गल्लीत तमिळ. बावीस वर्षं त्यांचं काम एकच होतं. पुठ्ठा जिथे दुमडायचा, तिथे रेघ पाडायची.

ही रेघ दोन तऱ्हांनी पडते. एकीत लाकडी साच्यात पोलादाची बोथट पट्टी बसवायची, आणि समोरच्या पत्र्यावर कार्डाच्या दोन फिती चिकटवून मधे बारीक खाच ठेवायची. दाब आला की पट्टी पुठ्ठ्याला खाचेत ढकलते. पुठ्ठा तुटत नाही, नीट दुमडतो. पण खाच केसभर सरकली तरी सगळं उखडून पुन्हा लावावं लागतं. दुसरी तऱ्हा सोपी. धारदार पातं लावून पुठ्ठा अर्ध्या जाडीपर्यंत कापायचा. उरलेल्या अर्ध्यावर खोका उभा राहतो, राहील तेवढा.

१९६१ च्या मे महिन्यात एका कंपनीला कार्बोलिक अ‍ॅसिडच्या बाटल्यांसाठी खोके हवे होते. मालक राजगोपाल घाईत होते.

"खाचा लावत बसू नका, राणोजी. अर्धं कापा."

"सार, बाटल्या जड आहेत. तळाची घडी फाटेल."

"शनिवारी माल गेला नाही तर ती कंपनी दुसरीकडे जाईल. मग खाचा कुणासाठी लावणार?"

राणोजी पाती आणायला उठले. त्याच कंपनीत त्यांची भाची विजयलक्ष्मी खोक्यांत बाटल्या भरायची. बाप गेल्यावर त्यांनीच शब्द टाकून तिला तिथे लावलं होतं. पाती बसवताना ती त्यांना आठवली. तरी त्यांनी पाती बसवली, आणि शनिवारी माल गेला.

बुधवारी दुपारी विजीने भरलेला खोका उचलला आणि त्याचा तळ उघडला. बाटली तिच्या डाव्या पावलाशी फुटली. कार्बोलिक आधी दुखत नाही, कातडी बधिर करतं. तिने काचा गोळा केल्या, जागा पुसली आणि त्याच पायाने पुन्हा कामाला उभी राहिली. पाऊल पांढरंफटक झालेलं शेजारच्या बाईने पाहिलं, तोवर उशीर झाला होता. सरकारी इस्पितळात दोन बोटं काढावी लागली.

राणोजी तिला भेटायला गेले तेव्हा त्यांची बहीण अन्नपूर्णाबाई खाटेशी बसली होती.

"मामा," विजी म्हणाली, "मी खोका वाकडा धरला, असं म्हणतात. तसं लिहून माझी सही घेतली."

"धरला होतास?"

"काय जाणे. धरला असेन."

राणोजींनी खाटेचा गज धरला. "विजी, तो खोका मी केला. घडी दाबायची सोडून कापली. फाटेल हे मज ठाऊक होतं."

तिने विचारलं, "मी तिथे आहे, हे ठाऊक होतं?"

"होतं."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. अन्नपूर्णाबाई हळूच म्हणाली, "राणू, आता जा तू."

दुसऱ्या दिवशी राणोजी दोन खोके घेऊन कंपनीत गेले. मॅनेजरच्या टेबलावर त्यांनी दाबलेली घडी दहा वेळा उघडमीट करून दाखवली. कापलेली तिसऱ्याच वेळी फाटली. "हे माझ्या हातचं आहे. पोरीची चूक नाही." मॅनेजरने ते त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि विजीचा कागद फाडला. बरी झाल्यावर तिला बसून लेबलं चिकटवायचं काम द्यायचं ठरलं. राजगोपालांनी राणोजींना त्याच संध्याकाळी काढून टाकलं. मग खोक्यांच्या धंद्यात त्यांना कुणी उभं केलं नाही. शेवटी मैलापूरला एका बाइंडरकडे ते वह्यांना कापड चिकटवू लागले.

विजी कामावर जाते, लंगडते, एवढं बहिणीकडून कळायचं. नवरात्रात ते तिच्या घरी गेले. तिने पान मांडलं, वाढलं, बोलली नाही. ते निघाले तेव्हा मात्र भिंतीला धरत दारापर्यंत आली.

"मामा, बाकीचे खोके परत मागवले का?"

"मी विचारलं होतं. निम्मे आधीच गेले होते. सेलम, मदुरै, कुठे कुठे."

"भरलेले?"

"भरलेले."

विजीने आपल्या डाव्या पावलाकडे पाहिलं. राणोजींनी चपला घातल्या आणि पायऱ्या उतरले.