काचेत कोंडलेला पंखा

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा हातपंखा आहे. एवढ्यावरच ज्यांना हसू आलं त्यांनी खुशाल उठून जावं, माझं काही अडत नाही. हसणारे मी पुष्कळ पाहिलेत. उकाडा वाढला की तेच हात पुढे करतात.

माझा जन्म अलाबामातल्या मॉन्टगमेरी गावच्या एका छापखान्यात झाला. जाड पुठ्ठा, खाली लाकडाची चपटी दांडी आणि दोघांना धरून ठेवणाऱ्या तारेच्या पिना, एवढाच माझा संसार. पुढच्या बाजूला मेंढरांमधला येशू आणि मागच्या बाजूला ‘ड्यूबोज आणि मुलगे’ या अंत्यविधी करणाऱ्यांची जाहिरात. म्हणजे एका बाजूला स्वर्ग आणि दुसऱ्या बाजूला तिकडे पोचवणारी गाडी. आमच्याकडच्या चर्चमध्ये पंखे असेच लोक फुकट वाटतात. आपलं गिऱ्हाईक कुठे बसतं हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.

सीडर गल्लीतल्या चर्चमध्ये मी आलो तेव्हा तिथल्या अशर मंडळाचा केवढा दरारा होता! अशर म्हणजे दारावर उभं राहून लोकांना जागेवर नेणारी माणसं. पांढरे कपडे, पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे. प्रार्थना चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. सगळा कारभार हाताच्या खुणांवर. एक बोट वर केलं की एक जागा रिकामी. उजवा तळहात डाव्या खांद्यावर ठेवला की कुणाचा तरी जीव घाबरा झालाय, पंखा आणा. ही खूण चर्चमधल्या शेंबड्या पोरालाही कळायची. आताच्या शिकलेल्यांना कळत नाही, ते पुढे सांगतोच.

मी अर्नेस्टीनच्या वाट्याला आलो. सतरा वर्षांची काटकुळी पोर, पण दारात उभी राहिली की भलेभले टोपी काढायचे. दिवसा गावाच्या दुसऱ्या टोकाला एका गोऱ्या बाईकडे धुणीभांडी करायची आणि संध्याकाळी हातमोजे चढवून दारात हजर. त्या वर्षी आमच्या काळ्या लोकांनी बसमध्ये बसणं सोडलं होतं. काळ्या माणसानं पुढे जाऊन पैसे भरायचे, उतरून मागच्या दारानं चढायचं, आणि गोरा आला की मुकाट्यानं जागा सोडायची, असा तिथला रिवाज. थुंकले त्या रिवाजावर आणि चालत सुटले. वर्ष उलटलं तरी चालतच होते.

संध्याकाळच्या सभांना चर्च असं भरायचं की भिंतीला टेकायला जागा नसायची. जुलैचा उकाडा, हजार माणसांचा घाम, आणि आम्ही सगळे पंखे एका तालात हलतोय. काय वारा सुटायचा म्हणून सांगू! मित्रांनो, मी कुणाची फुशारकी सहन करत नाही, पण ही माझी स्वतःची आहे, ती ऐकून घ्यावी लागेल.

अशाच एका सभेत खिडकीतून दगड आला. काचा खाली पडल्या, पोरं किंचाळली. अर्नेस्टीन जागची हलली नाही. तिसऱ्या बाकावर झिपोरा नावाची म्हातारी परटीण होती, दिवसभर चालून पाय सुजलेले. तिनं हळूच उजवा तळहात डाव्या खांद्यावर ठेवला. अर्नेस्टीन काचांवरून चालत गेली. चालत हं, पळत नाही. मला उचललं आणि म्हातारीच्या डोळ्यांत जीव येईपर्यंत वारा घातला. त्यात माझी एक पीन सैल झाली, ती आजही सैल आहे.

“देवानं तुझे हात सोन्याचे केलेत गं पोरी,” झिपोरा म्हणाली.

“हात नाही मावशी, पंखा चांगला आहे,” अर्नेस्टीन म्हणाली.

आयुष्यात एवढीच स्तुती ऐकली, पण खरी ऐकली.

पुढे बसचा रिवाज मोडला, वर्षं गेली आणि एक दिवस छतात वातानुकूलन नावाचं धूड आलं. दिवसभर घुरघुरतं, सगळ्यांना सर्दी देतं आणि लोक त्याचे आभार मानतात! आमची रवानगी तळघरात झाली. माझे सगळे भाऊबंद ओल लागून कुजले आणि एका साफसफाईत कचऱ्यात गेले. मी तेवढा वाचलो, कारण अर्नेस्टीननं मला आपल्या बाकाच्या मागच्या खणात लपवून ठेवलं होतं.

आणि मग आली वारसा समिती.

तिचा अध्यक्ष हॉरेस मॅब्री. डीकन आहे, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक. साठीचा गृहस्थ, बूट आरशासारखे, बोलणं तुपातलं. बस सोडली तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता, पण तो त्या दिवसांबद्दल असं बोलायचा की वाटावं पुढे चालत हाच होता. त्यानं मला खणातून काढलं आणि दारालगतच्या भिंतीवर काचेच्या पेटीत टांगलं. खाली पाटी लावली: ‘इतिहासाचा मूक साक्षीदार. स्पर्श करू नये.’ साक्षीदार! डोंबलाचा साक्षीदार! मी काय तिथे बघत बसलो होतो? मी वारा घालत होतो.

अर्नेस्टीन तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे गेलेली. तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, “हॉरेस, हे काय?”

“मदर टॉलिव्हर, हा आता आपला ठेवा आहे,” मॅब्री म्हणाला. मोठ्या मानाच्या म्हाताऱ्यांना आमच्याकडे मदर म्हणतात. टॉलिव्हर तिचं आडनाव.

“ठेवा कसला? पंखा आहे तो. उद्या कुणाला घेरी आली तर?”

“इथे वातानुकूलन आहे मदर, कुणाला घेरी येत नाही.”

“तुझं नाक मी याच बाकावर पुसलंय हॉरेस. मला शिकवू नकोस.”

पण त्यानं शिकवलंच. खिडक्यांच्या रंगीत काचा जुन्या म्हणून त्या चौकटींत कायमच्या पक्क्या बसवल्या. अशर मंडळ मोडलं, त्यांच्या जागी कानात यंत्र घातलेली भाड्याची पोरं आणली. आणि अर्नेस्टीनला दारावरून उठवून पहिल्या बाकावर बसवलं, पाहुण्यांना दाखवायला. मी काचेत आणि ती बाकावर. तिची तक्रार एकच होती: “मला बसायचं नाही रे, मला उभं राहायचंय. माझं काम आहे ते.” कोण ऐकतो!

आता पाहुण्यांविषयी. ज्या गावानं वर्षभर बसला लाथ मारली, त्या गावात ही मंडळी बसमधून उतरतात, गार गार बसमधून. माझ्यासमोर उभी राहून फोटो काढतात, तेही स्वतःचे, मी कोपऱ्यात. “किती गोड आहे!” म्हणतात. गोड? मी काय केक आहे? बाहेरच्या दुकानात माझ्यासारखे प्लास्टिकचे पंखे मिळतात, ते घेतात आणि पुढच्या गावी हॉटेलात विसरून जातात. एका बाईनं अर्नेस्टीनला विचारलं, “तेव्हा चालताना मनात काय भावना होत्या?”

“पाय दुखायचे,” अर्नेस्टीन म्हणाली.

बाईनं ते डोळे पुसत लिहून घेतलं. काय बोलावं अशांना!

या सगळ्यात शहाणा माणूस एकच उरला होता, क्लीओफस. अर्नेस्टीनच्या बरोबरीचा जुना अशर. गुडघा गेलेला, हातात काठी. मंडळ मोडलं तरी तो दर रविवारी दाराशी माझ्या पेटीशेजारी येऊन उभा राहायचा, डावा हात पाठीमागे. भाड्याची पोरं त्याला “आजोबा, बसा ना” म्हणायची. तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

मागच्या जुलैत मोठा कार्यक्रम ठरला. दोन बस भरून पाहुणे, वरच्या गॅलरीत गाणारी मंडळी, मॅब्रीचं भाषण. आणि ऐन गाणं रंगात आलं असताना छतातलं धूड एकदा खोकलं आणि गप्प झालं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, घ्या आता. पण थोड्याच वेळात माझा आनंद जिरला. खिडक्या उघडत नव्हत्या. हवा कोंडली. पाहुण्यांनी गुळगुळीत माहितीपत्रकं हलवून पाहिली, ती मान टाकत होती. आणि पहिल्या बाकावर अर्नेस्टीनची मान एका बाजूला कलायला लागली.

तिला दमा आहे हे सगळ्या चर्चला माहीत. पण गाणं चालू होतं आणि ती सत्तर वर्षं अशर राहिलेली. ओरडणं तिच्या रक्तात नाही. तिनं सावकाश उजवा तळहात उचलला आणि डाव्या खांद्यावर ठेवला.

मी काचेतून बघत होतो. मित्रांनो, त्या वेळी मला पहिल्यांदा हात नसल्याचं दुःख झालं.

पाहुण्यांनीही पाहिलं. “अगं बघ, किती भरून आलंय त्यांना!” एक बाई कुजबुजली. “जुन्या आठवणी!” दुसरी म्हणाली. फोटो निघाले. आणि मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या! सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. मंचावर मॅब्रीनंही हात जोडून मान लववली. जीव चाललाय बाईचा आणि हे टाळ्या वाजवतायत. मी पुष्कळ मूर्ख पाहिले, पण सगळे एकाच सुरात मूर्ख झालेले मी तेव्हाच पाहिले.

क्लीओफसची नजर अधू. उठलेल्या गर्दीतून त्याला काही दिसेना. तो काठी टेकत मधल्या वाटेनं थोडा पुढे आला आणि तिचा खांद्यावरचा तळहात पाहून थबकला. मग वळला, थेट माझ्या पेटीकडे. कुलूप. तेवढ्यात ही गडबड काय म्हणून मॅब्री बाजूनं लगबगीनं आला.

“किल्ली दे,” क्लीओफस म्हणाला.

“ब्रदर क्लीओफस, कार्यक्रम चाललाय.”

“तिनं पंखा मागितलाय. किल्ली.”

“कुणी काही मागितलेलं नाही, त्या भावूक झाल्यायत. आणि तो पंखा आता हाताळता येत नाही, एकच उरलाय. मी पाणी पाठवतो ना!”

“हॉरेस,” क्लीओफस शांतपणे म्हणाला, “तू या चर्चमध्ये वाढलास आणि तुला ती खूण कळत नाही?”

मॅब्रीनं पहिल्या बाकाकडे पाहिलं. तळहात अजून खांद्यावर होता, पण बोटं घसरायला लागली होती. मॅब्रीला आता खूण आठवली. खिसे चाचपायला लागला, कोटाचे, पँटचे, परत कोटाचे. किल्ली त्याच्या भाषणाच्या कागदांबरोबर मंचावर राहिली होती. तो पळत सुटला. चर्चमध्ये पळत!

क्लीओफस थांबला नाही. शेजारच्या टेबलावर दानाची पितळी थाळी होती, ती त्यानं उचलली आणि माझ्या काचेवर घातली. खळ्ळकन आवाज झाला आणि टाळ्या थांबल्या. पुन्हा एकदा चर्चमध्ये काच फुटली होती. या वेळी आमच्या माणसानं फोडली आणि मी सांगतो, फार छान फोडली.

त्यानं मला उचललं, काठी तिथेच टाकली आणि डावा हात पाठीमागे घेतला. चालत गेला. एवढी लांब वाट, गेलेला गुडघा, आणि हा माणूस चालतोय! मी मनातल्या मनात किंचाळत होतो, “अरे पळ ना लेका, मॅब्री पळतोय, तू का नाही!” पण त्याची पावलं पडत गेली तशी गर्दी आपोआप बाजूला झाली. पळणाऱ्या मॅब्रीला कुणी वाट दिली नव्हती, तो बाकांमध्ये अडकला होता.

मग मी कामाला लागलो. एवढ्या वर्षांनी! पहिल्या झटक्याला सैल पीन उडाली, दुसऱ्याला पुठ्ठा मधून चिरला, मेंढपाळाची मेंढरं एकीकडे आणि तो एकीकडे. चिरू दे. मी वारा घातला. अर्नेस्टीनचे ओठ निळे पडले होते. क्लीओफसच्या बोटांतून काचेमुळे रक्त येत होतं, तो हात बदलेना. कुणीतरी दारं सताड उघडली, कुणी तिचा दम्याच्या औषधाचा फवारा शोधून तोंडाशी धरला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. आधी मला पाहिलं, मग त्याचा हात.

“हातमोजे कुठायत तुझे?” ती पुटपुटली.

“हॉरेसनं मंडळ मोडलं ना बाई,” क्लीओफस म्हणाला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, रडला.

दवाखान्यातून ती आठवड्यानं परतली. मॅब्री नवी पेटी घेऊन तिच्या बाकाशी आला होता. मान खाली. “मदर, याला चिकटवून पुन्हा नीट ठेवू का?”

“पेटीत तू जाऊन बस,” ती म्हणाली. “चिकटपट्टी आण.”

त्यानं आणली. आता माझ्या पोटावरून पट्टी गेलीय, मेंढपाळाला कंबरपट्टा बांधल्यासारखी दिसते, आणि मी पुन्हा खणात असतो. पोरं माझ्यानं एकमेकांना हाणतात, मला त्यांचा मनस्वी संताप येतो. मंडळ परत सुरू झालंय. अर्नेस्टीन दारात खुर्ची घेऊन बसते, त्याबद्दल तिला विचारू नका, चिडते. पाहुणे येतातच. फोटोही काढतात. पण आत सोडण्याआधी ती प्रत्येकाला खुणा शिकवते, आणि ज्याला येत नाहीत त्याला बाहेर उभं करते. परवा मॅब्रीलाच उभं केलं होतं.

तर मित्रांनो, तुम्ही जुन्या गावांत जाल, पाट्या वाचाल, हळहळाल. मला तुमच्या हळहळीचं काडीचं कौतुक नाही. जुनी वस्तू जपायची असेल तर तिला तिचं काम करू द्या. ती फाटली तर चिकटवा. आणि जुनं माणूस दिसलं तर त्याच्या हाताकडे नीट बघा. उजवा तळहात डाव्या खांद्यावर असेल तर टाळ्या वाजवू नका. उठा.